जिल्ह्याजिल्ह्यांतल्या ट्रॅकच्या प्रमाणपत्राची मुदत जाहीर करा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

२०३० च्या शतकमहोत्सवी राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला देण्यावर २६ नोव्हेंबर २०२५ रोजी राष्ट्रकुल संघटनेच्या ग्लासगो इथल्या सर्वसाधारण सभेत शिक्कामोर्तब झाले. त्याआधी, १ ऑक्टोबर २०२४ रोजी, भारतीय ऑलिंपिक संघटनेने २०३६ च्या ऑलिंपिकसाठी इरादापत्र दिलेले आहे. आनंदाच्याच बातम्या आहेत. मात्र त्यांवरची चर्चा स्टेडियम, रस्ते आणि हॉटेलांपाशीच घुटमळते, आणि स्पर्धा आपल्या अंगणात आहेत म्हणजे आपली पोरे आपोआप खेळणार, असा समज अगदी जिल्हा संघटनांतही दिसतो. हा समज महागात पडेल. म्हणून पात्रता कशी मिळते, कुठे हुकते आणि महाराष्ट्राने आजपासून काय करायला हवे, हे जरा विस्ताराने लिहीत आहोत.

यजमानाला थेट प्रवेश मिळतो तो मुख्यतः सांघिक खेळांत. बर्मिंगहॅमच्या २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धांत महिला क्रिकेटच्या आठ संघांत इंग्लंड यजमान म्हणून होते. ऑलिंपिकमध्ये यजमानासाठी काही वैयक्तिक जागाही राखलेल्या असतात, पण त्या थोड्या, आणि त्यांनाही किमान कामगिरीची अट असू शकते. पात्रता स्पर्धा घरी भरवली म्हणून जागा मिळते असे तर मुळीच नाही. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकच्या हॉकीत एकूण १२ संघ होते. पुरुष संघाने हांगझोऊच्या आशियाई स्पर्धेचे सुवर्ण जिंकून थेट जागा घेतली. महिलांना तिथे कांस्य मिळाले, म्हणून त्यांना जानेवारी २०२४ मध्ये रांचीच्या पात्रता स्पर्धेत उतरावे लागले. आठ संघ, त्यांतले पहिले तीन पॅरिसला. मैदान आपले, प्रेक्षक आपले. उपांत्य सामन्यात जर्मनीकडून शूटआउटमध्ये हार आणि तिसऱ्या क्रमांकासाठी जपानकडून ०-१. पॅरिस हुकले.

आता वैयक्तिक खेळ. खेळाडू किती वेगाने धावला एवढाच प्रश्न नसतो. तो वेग कुठे, कोणत्या यंत्रावर आणि कोणत्या स्पर्धेत नोंदला गेला, यावर सगळे अवलंबून असते. पॅरिससाठी मैदानी प्रकारांत दोन वाटा होत्या: ठरलेल्या मुदतीत निकष गाठणे किंवा जागतिक क्रमवारीतून आत येणे. एका देशाचे एका प्रकारात जास्तीत जास्त तीन खेळाडू. बीडच्या अविनाश साबळेने ३००० मीटर स्टीपलचेसचा (अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावण्याची शर्यत) ८:१५.०० हा निकष जुलै २०२३ मध्ये पोलंडमध्ये ८:११.६३ अशी वेळ देऊन पार केला. नाशिक जिल्ह्यातला सर्वेश कुशारे दुसऱ्या वाटेने गेला: उंच उडीचा निकष २.३३ मीटर होता, तो न गाठताही क्रमवारीच्या जोरावर त्याला पॅरिस मिळाले. क्रमवारीचे गुण कामगिरीला मिळतात तसे स्पर्धेच्या दर्जाला आणि तिथल्या क्रमांकालाही मिळतात, आणि बहुतेक प्रकारांत सर्वोत्तम पाच निकालांची सरासरी धरली जाते. त्यामुळे एकदाच मोठी उडी मारून भागत नाही. वर्षभर योग्य स्पर्धांचा आराखडा लागतो. योग्य स्पर्धा म्हणजे मैदानी खेळांच्या जागतिक महासंघाच्या कॅलेंडरवर आधी नोंदवलेली आणि नियमांप्रमाणे घेतलेली. नोंदणी राहिली तर स्पर्धा कितीही चुरशीची झाली तरी तिचे गुण शून्य.

इथेच आपल्याकडची गळती सुरू होते. १०० पासून ८०० मीटरपर्यंतच्या शर्यतींत, अडथळ्यांच्या छोट्या शर्यतींत आणि रिलेत हातातल्या घड्याळाची वेळ पात्रतेला चालत नाही. अंतिम रेषेवरचा क्षण टिपून वेळ देणारा फोटो फिनिश कॅमेरा हवा, तो अंतिम रेषेच्या बरोबर ओळीत बसवलेला हवा आणि सुरुवातीच्या पिस्तुलाशी जोडलेला हवा. सत्र सुरू होण्याआधी झिरो कंट्रोल चाचणी करावी लागते: पिस्तूल अंतिम रेषेवर धरून उडवायचे आणि कॅमेऱ्यात त्या क्षणाची वेळ शून्य येते का ते पाहायचे. ही चाचणी वेळेअभावी टाळली जाते, कारण उद्घाटनाची भाषणे लांबलेली असतात आणि पहिली हीट (प्राथमिक फेरी) रखडलेली असते. मग सेन्सरची तार सैल असल्याचे तिसऱ्या हीटनंतर कळते आणि त्याआधी धावलेल्या मुलांच्या वेळा वाया जातात.

१०० आणि २०० मीटर, १०० आणि ११० मीटर अडथळा, लांब उडी आणि तिहेरी उडी यांना वाऱ्याची मोजणी लागते. पाठीमागून वाहणारा वारा सेकंदाला २.० मीटरपेक्षा जास्त असला की ती कामगिरी निकषासाठी धरत नाहीत. वारामापक शर्यतीसाठी पहिल्या लेनच्या बाजूला, अंतिम रेषेपासून ५० मीटरवर, ट्रॅकपासून २ मीटरच्या आत आणि १.२२ मीटर उंचीवर असावा लागतो. यंत्र असते, पण ते लांब उडीच्या खड्ड्याशी लावून ठेवलेले असते आणि शर्यतीच्या वेळी हलवायला माणूस नसतो. निकालपत्रकात वाऱ्याचा रकाना रिकामा राहिला, की मुलीने आयुष्यातली सर्वोत्तम वेळ दिलेली असूनही तिच्या पदरात काही पडत नाही.

आणि खुद्द ट्रॅक. जागतिक महासंघाचे प्रमाणपत्र दोन वर्गांचे असते. दुसऱ्या वर्गासाठी मान्यताप्राप्त सिंथेटिक पृष्ठभाग आणि सर्वेक्षकाचा मोजणी अहवाल लागतो. पहिल्या वर्गासाठी याखेरीज जागेवर चाचण्या होतात: थराची जाडी, घर्षण, पाय आपटल्यावर पृष्ठभाग किती दबतो आणि किती धक्का शोषतो. हे धक्का शोषण ३५ ते ५० टक्क्यांत बसले पाहिजे. कमी असेल तर ट्रॅक कडक होतो आणि नडग्या दुखावतात. जास्त असेल तर पाय रुततो आणि वेळ वाढते. मोजणीही साधी नसते. आतल्या कडेला ५ सेंटिमीटर उंचीची किनार असते आणि पहिल्या लेनचे ४०० मीटर तिच्यापासून ३० सेंटिमीटर बाहेरून मोजतात, बाकीच्या लेन आतल्या रेषेपासून २० सेंटिमीटरवरून. पुन्हा हे प्रमाणपत्र कायमचे नसते. ते मुदतीचे असते आणि मुदत संपली की नव्याने काढावे लागते. उद्घाटनाची पाटी मात्र तशीच राहते.

ट्रॅक लवकर का मरतो, हेही सांगायला हवे. सिंथेटिक थर जेमतेम १२-१३ मिलिमीटरचा असतो आणि तो डांबराच्या थरावर चिकटवलेला असतो. त्यावर गाड्या उभ्या केल्या की खालचा थर बसतो आणि खळगा पडतो. खळग्यात पाणी साठते, पाणी सांध्यांतून आत उतरते आणि थर सुटायला लागतो. डिझेल आणि ऑइलचे थेंब रबर धरून ठेवणारे पॉलियुरेथेन खातात. सभेच्या मांडवाचे खांब रोवले की त्या जागा कायमच्या अधू होतात. कोकणात आणि घाटमाथ्यावर शेवाळ वेळच्या वेळी धुतले नाही की घर्षण घटते आणि पहिल्या वर्गाची चाचणी तिथेच नापास होते. दुरुस्तीला जाणारा पैसा पाहिला तर धुण्याचा, निचऱ्याच्या नाल्या साफ ठेवण्याचा आणि फाटकाला कुलूप लावण्याचा खर्च अगदीच किरकोळ आहे.

जलतरणात तर हिशोब सेंटिमीटरचा आहे. भिंतीवर बसवलेले, हात लागताच वेळ नोंदवणारे इलेक्ट्रॉनिक टच पॅनेल साधारण १ सेंटिमीटर जाडीचे असते. दोन्ही टोकांना पॅनेल बसवल्यावर लांबी किमान ५०.००० मीटर भरली पाहिजे. १ सेंटिमीटर जास्त चालते, एक मिलिमीटरही कमी चालत नाही. म्हणून तलाव ५०.०२ मीटरचा बांधायचा असतो. कंत्राटात ‘५० मीटरचा तलाव’ एवढेच लिहिले जाते, ठेकेदार बरोबर ५० मीटर बांधतो, वर टाइल्स लागतात, आणि पॅनेल आली की तलाव आखूड भरतो. दोन सेंटिमीटरने काय होते, असे विचारणाऱ्यांसाठी एक उदाहरण. जून २०२१ मध्ये रोमला साजन प्रकाशने २०० मीटर बटरफ्लायमध्ये १:५६.३८ वेळ दिली आणि ऑलिंपिकचा थेट निकष गाठणारा तो पहिला भारतीय जलतरणपटू ठरला. निकष होता १:५६.४८. आखूड तलावात चार लांब्यांत ८ सेंटिमीटर कमी पडतात, आणि त्या वेगाने ते सुमारे ०.०५ सेकंदाचे अंतर आहे. साजनच्या आघाडीच्या निम्मे. असा तलाव मान्य होत नाही, हे योग्यच आहे. बांधकाम खात्याच्या निविदेत ‘पॅनेलसह ५०.००० मीटर’ ही एक ओळ घातली की हा घोळ टळतो.

नेमबाजी आणि कुस्तीचे गणित वेगळे आहे. तिथे ऑलिंपिकची जागा मुख्यतः देशाच्या नावावर जमा होते, खेळाडूच्या नाही. ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने २०२२ च्या कैरो जागतिक स्पर्धेत १० मीटर एअर रायफलचे सुवर्ण जिंकून भारताला पॅरिसची जागा मिळवून दिली. त्याच स्पर्धेत कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर रायफल थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून नेमबाजी) चौथा येऊन जागा आणली. २०२४ च्या एप्रिल-मे महिन्यांत दिल्ली आणि भोपाळला निवड चाचण्या झाल्या. स्वप्नील त्यांतून पार पडला आणि पॅरिसहून ४५१.४ गुणांचे कांस्य घेऊन आला. रुद्रांक्ष मागे पडला आणि त्याने मिळवलेल्या जागेवर दुसरा नेमबाज गेला. हा अन्याय होता असे आम्हाला वाटत नाही; निवडीचे धोरण आधीच जाहीर होते. पण जागा मिळवणे आणि निवड होणे या दोन स्वतंत्र परीक्षा आहेत, आणि दोन्हींच्या वेळी खेळाडू भरात असावा लागतो, हे पालकांना व प्रशिक्षकांना पहिल्या दिवसापासून कळायला हवे. कोल्हापूर, ठाणे, पुण्याच्या रेंजवर आज सराव करणाऱ्या मुलामुलींचे वार्षिक नियोजन दोन शिखरे धरूनच केले पाहिजे.

कुस्तीत प्रत्येक वजनगटात १६ मल्ल. पॅरिससाठी पाच जागा जागतिक स्पर्धेतून, चार खंडांच्या पात्रता स्पर्धांतून प्रत्येकी दोन म्हणजे आठ, आणि उरलेल्या तीन शेवटच्या जागतिक पात्रता स्पर्धेतून. दार क्रमाक्रमाने अरुंद होत जाते, म्हणून पहिल्या संधीला गाफील राहणे परवडत नाही. आणि वजनाची वेळ कुणासाठी थांबत नाही. एप्रिल २०२४ मध्ये दीपक पुनिया आणि सुजीत कलकल आशियाई पात्रता स्पर्धेसाठी किर्गिझस्तानातल्या बिश्केकला निघाले होते. दुबईत पूर आला, विमाने अडकली, आणि ते पोहोचले तेव्हा वजने होऊन गेली होती. त्यांना आखाड्यात उतरू दिले नाही. चार वर्षांची मेहनत प्रवासाच्या एका टप्प्यावर गेली. परक्या देशातल्या पात्रता स्पर्धेला दोन-तीन दिवस आधी पोहोचायचे, आणि शक्य असेल तिथे मार्ग बदलण्याची मुभा असलेले तिकीट काढायचे, हा नियमच व्हायला हवा. प्रशासनाला हा खर्च उधळपट्टी वाटतो. तो विमा आहे. विनेश फोगाटला पॅरिसच्या अंतिम कुस्तीआधी बाद करणारे जादा १०० ग्रॅम तर सगळ्यांना ठाऊक आहेत. दोन दिवसांच्या स्पर्धेत दोन्ही सकाळी वजन होते; पहिल्या दिवशीच्या तीन कुस्त्यांनंतर खाणेपिणे होऊन वाढलेले वजन एका रात्रीत उतरवावे लागते. आपल्या तालमींत दूध-तुपाचा हिशोब पिढ्यान्‌पिढ्या चोख ठेवला जातो. दुसऱ्या दिवशीच्या वजनाचा हिशोब तितक्याच काटेकोरपणे कुमार गटापासून शिकवला पाहिजे.

राष्ट्रकुल स्पर्धांत मैदानी प्रकारांना ऑलिंपिकसारखा एकच जागतिक निकष नसतो. प्रत्येक देशाला खेळाडूंचा ठराविक कोटा मिळतो आणि राष्ट्रीय संघटना आपले निकष ठरवते. बर्मिंगहॅमसाठी भारताच्या मैदानी पथकाला ३६ जागा होत्या. उंच उडीपटू तेजस्विन शंकरने २.२७ मीटरचा निकष अमेरिकेतल्या विद्यापीठ स्पर्धेत गाठला, पण राष्ट्रीय आंतरराज्य स्पर्धेत तो उतरला नाही म्हणून त्याला वगळले गेले. प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले, शेवटच्या दिवसांत त्याचे नाव घातले गेले, आणि तो २.२२ मीटर उडी मारून कांस्य घेऊन आला. निकष कोणता, तो कुठे गाठलेला चालेल, आणि कोणत्या स्पर्धेतला सहभाग सक्तीचा, हे तीनही प्रश्न वर्षभर आधी लेखी सुटलेले असले की कोर्टाची पायरी चढावी लागत नाही.

देश म्हणून उतरण्यासाठीही पात्र असावे लागते, याचा विसर आपल्याला पडू नये. ४ डिसेंबर २०१२ रोजी आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने भारतीय संघटनेला निलंबित केले. कारण होते निवडणुकांतला सरकारी हस्तक्षेप आणि आरोपपत्र असलेले पदाधिकारी. परिणामी २०१४ च्या सोची हिवाळी ऑलिंपिकच्या उद्घाटनात आपले खेळाडू ऑलिंपिक ध्वजाखाली चालले; निलंबन उठले ते स्पर्धा सुरू झाल्यावर. ऑगस्ट २०२३ मध्ये कुस्ती महासंघाच्या निवडणुका मुदतीत झाल्या नाहीत, म्हणून बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत आपले मल्ल तटस्थ म्हणून लढले. कुस्तीगीर अंतिम पंघाल हिने तिथे कांस्य आणि पॅरिसची जागा मिळवली, पण अंगावर तिरंगा नव्हता. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा केला. त्यातले क्रीडा मंडळ आणि लवाद खरोखर कामाला लागले तर हे प्रसंग टळतील. महाराष्ट्रातही एकाच खेळाच्या दोन-दोन संघटना असण्याचे प्रकार आहेत. त्यात खेळाडूचे प्रमाणपत्र कुठल्या संघटनेचे धरायचे यावर वर्षे जातात.

‘देश’ कोणता हाही प्रश्न वाटतो तितका सरळ नाही. वेस्ट इंडिज नावाचा देश राष्ट्रकुल स्पर्धांत किंवा ऑलिंपिकमध्ये नाही, म्हणून बर्मिंगहॅमला महिला क्रिकेटमध्ये बार्बाडोस खेळले. २०२८ च्या लॉस एंजेलिसला क्रिकेटचे पुरुषांचे आणि महिलांचे प्रत्येकी सहाच संघ असणार आहेत, तिथेही हीच अडचण येणार. सहा संघांत जागा मिळवणे भारतालासुद्धा गृहीत धरता येणार नाही.

आता यजमानपद. दिल्लीला २०१० चे यजमानपद नोव्हेंबर २००३ मध्ये मिळाले आणि संयोजन समिती स्थापन झाली फेब्रुवारी २००५ मध्ये. मधला वेळ गेला तो परत आला नाही. मे २००३ मधला अंदाज १,२०० कोटींच्या आसपास होता. महालेखापालांच्या २०११ च्या अहवालात केंद्र व दिल्ली सरकारचा मिळून आकडा १८,५३२ कोटी रुपयांवर गेला, तोही विमानतळ आणि मेट्रो वगळून. घाईत दिलेल्या कंत्राटांत स्पर्धा उरत नाही, दर वाढतात आणि तपासणी सुटते. २१ सप्टेंबर २०१० रोजी, उद्घाटनाला दोन आठवडेही उरलेले नसताना, जवाहरलाल नेहरू स्टेडियमजवळचा पादचारी पूल कोसळला. यजमानपद परत जाते तेव्हा कारण बहुधा पैशाचेच असते. व्हिएतनामने २०१४ मध्ये आशियाई स्पर्धा सोडल्या, त्या जकार्ता-पालेम्बांगला गेल्या. डर्बनकडून २०२२ च्या राष्ट्रकुल स्पर्धा काढून घेतल्या, कारण हमी आणि निधी वेळेत आला नाही. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने जुलै २०२३ मध्ये २०२६ च्या स्पर्धा सोडल्या, २.६ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरचा अंदाज सहा-सात अब्जांवर जाईल असे राज्य सरकारने सांगितले. त्या जागी ग्लासगो उभे राहिले ते फक्त १० खेळ, चार ठिकाणे, सगळी जुनी, आणि नवे क्रीडाग्राम नाही या अटीवर.

याची किंमत भारताने मोजली. बर्मिंगहॅमच्या आपल्या ६१ पदकांपैकी कुस्तीची १२, टेबल टेनिसची ७, बॅडमिंटनची ६ होती, आणि हे तिन्ही खेळ ग्लासगोच्या यादीत नाहीत. नेमबाजी, हॉकी, क्रिकेट, स्क्वॉशही नाहीत. आता सक्तीचे खेळ फक्त मैदानी प्रकार आणि जलतरण, त्यांच्या पॅरा (दिव्यांग) विभागांसह. बाकीचे यजमान आणि राष्ट्रकुल संघटना मिळून ठरवतात. अहमदाबादसाठी १५ ते १७ खेळांची मर्यादा आहे आणि यजमानाला दोनपर्यंत नवे किंवा पारंपरिक खेळ सुचवता येतात. कबड्डी आणि खो-खोसाठी महाराष्ट्राने आग्रह धरावा, असे आम्हाला मनापासून वाटते. पण आग्रह धरताना पुरेशा देशांत महिला आणि पुरुष दोन्ही संघ आहेत का, उत्तेजक चाचणीची व्यवस्था आहे का, आणि पंचांचे प्रशिक्षण झाले आहे का, ही कागदपत्रे सोबत हवीत. भावनेने खेळ यादीत जात नाही.

ऑलिंपिकची निवड तर आणखी बदलली आहे. पूर्वी शहरे एका ठरलेल्या तारखेला मतदानात एकमेकांविरुद्ध उभी राहत. आता भावी यजमान आयोगाशी आधी खुला संवाद, मग ज्याच्याविषयी समितीची खात्री पटली त्याच्याशी लक्ष्यित संवाद, मग कार्यकारी मंडळाची शिफारस आणि शेवटी अधिवेशनात मत. ब्रिस्बेनला २०३२ चे यजमानपद अकरा वर्षे आधी, २०२१ मध्ये, असेच मिळाले. या संवादात नवे स्टेडियम किती भव्य यापेक्षा तयार ठिकाणे किती, लोकांचा पाठिंबा किती आणि संघटनांचा कारभार कसा, हे विचारले जाते. उत्तेजकांचेही विचारले जाते: जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या २०२४ च्या आकडेवारीत भारताचे ७,११३ नमुने होते आणि त्यांतले २६० दोषी, म्हणजे ३.६ टक्के. मोठ्या संख्येने चाचण्या करणाऱ्या देशांत इतके प्रमाण दुसरीकडे नाही. दिल्लीच्या प्रयोगशाळेची मान्यता ऑगस्ट २०१९ ते डिसेंबर २०२१ स्थगित होती, तेव्हा नमुने परदेशी पाठवावे लागत होते.

शिवाय हमी लागते ती प्रत्येक पात्र खेळाडूला प्रवेश देण्याची. फेब्रुवारी २०१९ मध्ये दिल्लीच्या नेमबाजी विश्वचषकासाठी पाकिस्तानी नेमबाजांना व्हिसा मिळाला नाही. ऑलिंपिक समितीने २५ मीटर रॅपिड फायर पिस्तूल प्रकाराचा पात्रता दर्जा काढून घेतला आणि भारताशी यजमानपदाची सगळी चर्चा थांबवली. केंद्राने लेखी हमी दिल्यावर ती जूनमध्ये पुन्हा सुरू झाली. घोड्यांच्याही हमीचा प्रश्न असतो. घोडेस्वारीच्या स्पर्धांचे घोडे देशात येऊन परत जायचे तर रोगमुक्त म्हणून मान्यता मिळालेला परिसर लागतो. मीरतच्या लष्करी केंद्राला ती जुलै २०२५ मध्ये मिळाली.

महाराष्ट्र आणि गोव्याला यजमानपदाचा अनुभव नाही असे नाही. बालेवाडीचे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय स्पर्धांसाठी उभे राहिले आणि तिथेच ऑक्टोबर २००८ मध्ये ७१ देशांच्या युवा राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. गोव्यात जानेवारी २०१४ मध्ये पोर्तुगीज भाषक देशांच्या लुसोफोनिया स्पर्धा झाल्या, आणि अनेकदा पुढे ढकलल्यानंतर २०२३ मध्ये राष्ट्रीय स्पर्धाही. त्या स्पर्धांत महाराष्ट्र ८० सुवर्णांसह २२८ पदके घेऊन पहिला आला. म्हणजे खेळाडू आहेत, संकुले आहेत. यंत्रे, प्रमाणपत्रे आणि ती चालवणारी माणसे यांचाच पत्ता नाही.

म्हणून क्रीडा खात्याकडे आमची मागणी अगदी मर्यादित आहे. राज्यातल्या प्रत्येक सिंथेटिक ट्रॅकची आणि ५० मीटर तलावाची एक यादी खात्याने संकेतस्थळावर टाकावी. प्रत्येकापुढे चार गोष्टी असाव्यात: प्रमाणपत्राचा वर्ग, ते संपण्याची तारीख, शेवटची मोजणी कोणी आणि कधी केली, आणि तिथे फोटो फिनिश, वारामापक किंवा टच पॅनेल आहे की नाही. यादीत ‘नाही’ जास्त आले तरी हरकत नाही. निदान प्रशिक्षकाला कळेल की मुलीला निकषाच्या शर्यतीसाठी कुठल्या गावी न्यायचे. दुसरे, प्रत्येक महसूल विभागात फोटो फिनिशचा एक फिरता संच आणि तो चालवणारे चार प्रशिक्षित लोक ठेवावेत. ३६ जिल्ह्यांना ३६ संच घेऊन कपाटात ठेवण्यापेक्षा हे स्वस्त आणि उपयोगाचे आहे. तिसरे, राज्य स्पर्धेच्या तारखा जागतिक कॅलेंडरवर मुदतीत नोंदवाव्यात, आणि एकदा नोंदवल्यावर पाहुण्यांच्या सोयीसाठी बदलू नयेत.

आज चौदा-पंधरा वर्षांची असलेली मुले २०३० मध्ये अठरा-एकोणीस वर्षांची होतील. त्यांच्या पहिल्या मान्य वेळा येत्या दोन हंगामांत नोंदल्या गेल्या पाहिजेत, तरच क्रमवारीत वर सरकायला हाताशी काही वर्षे राहतील. यादी जाहीर करायला निधी लागत नाही, मंत्रिमंडळाची मंजुरीही लागत नाही. खात्याने पावसाळ्यानंतरचा हंगाम सुरू होण्याआधी ती जाहीर करावी, आणि आपल्या वृत्तपत्राने ती जिल्हावार छापावी, ही विनंती.

आपले,
मैदानी व जलतरण स्पर्धांचे काही तांत्रिक अधिकारी,
पुणे